झडती कोणाची

आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली माझा नवरा देवानंद चौदा वर्षं ज्या झडत्या म्हणत आला, त्या सगळ्या माझ्या. एकही त्याची नाही. आवाज त्याचा, शब्द माझे, अशी आमची वाटणी होती. नवरा-बायकोत याहून वाईट वाटण्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

झडती म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. बाहेर झडती पोलीस घेतात. आमच्याकडे ती पोळ्याला म्हणतात. सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एकेक जण पुढे येतो, यमक जुळवून चार ओळी फेकतो आणि शेवटी सगळा गाव महादेवाच्या नावाने 'हर बोला' म्हणून आरोळी ठोकतो. त्या चार ओळींत कोणालाही टोचावं. पाटील, जावई, तलाठी, मास्तर, कोणी सुटत नाही. ज्याला टोचलं त्याने हसायचं, असा दंडक. तोरण तुटलं, बैल घरोघरी पूजेला गेले की झडती संपली. दुसऱ्या दिवशी तिचा विषय काढणारा माणूस हलका समजला जायचा.

बाईने झडती म्हणू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही. बाई तिथे नसतेच, मग नियम कशाला करायचा? आम्ही पुरण वाटायचं, वडे तळायचे आणि नंतर शाळेच्या ओट्यावर उभं राहून लांबून पाहायचं.

सासरे गावातले नावाजलेले झडतीवाले होते. ते गेले त्या वर्षी मान देवानंदकडे आला. बापाचा आवाज त्याच्यात उतरला होता, खणखणीत. डोकं मात्र उतरलं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हा घरात येरझारा घालत होता आणि मी पुरणासाठी डाळ निवडत होते. त्याचे हाल बघवेनात म्हणून मी म्हटलं, "हे म्हनून पाहा," आणि चार ओळी सांगितल्या. जावयांवर होत्या. दुसऱ्या दिवशी गाव हसून लोटपोट झाला. घरी आल्यावर देवानंदने मला काही म्हटलं नाही, नुसत्या दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून दरवर्षी पोळा आठ दिवसांवर आला की तो चुलीजवळ येऊन बसायचा आणि विचारायचा, "यंदा काय हाये?" मी भाजी चिरता चिरता सांगायची, तो पाठ करायचा. मी कधी लिहून ठेवलं नाही. पुढच्या वर्षी नवीच करायची असते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात गावात शाळेमागे पाण्याची नवी टाकी झाली. आमच्या सरपंच संगीताबाई. पण 'सरपंच' अशी हाक मारली की वळून पाहतात ते त्यांचे यजमान, जगदेवराव. टाकीचं उद्घाटन होतं त्या सकाळी टँकरने पाणी आणून टाकीत ओतलं. तालुक्याच्या साहेबांनी तोटी फिरवली, धार आली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून तोटीतून हवा. बाया पुन्हा जुन्या विहिरीच्या लाइनवर आल्या.

देवानंद ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. बारा वर्षं त्याने गावाचे वॉल खोलले आणि बंद केले. नव्या टाकीचा वॉलही त्याच्याच हातात होता. दिवाळीपर्यंत त्याला कायम करायचं जगदेवरावांनी कबूल केलं होतं. आमचं घर त्या नोकरीवर उभं. शेत म्हणावं तर दीड एकर, तेही मुरमाड.

त्या वर्षी पोळ्याला अकरा जोड्या आल्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा साठ यायच्या. आता बाकीचे लोक ट्रॅक्टर धुऊन, फुगे बांधून तोरणाखालून नेतात, आणि बोनटला हळद-कुंकू लावताना कोणाला हसू येत नाही. आमची जोडी चार वर्षांपूर्वीच विकली, तरी झडतीचा मान देवानंदचाच. पांढरा सदरा घालून, डोक्याला शेला बांधून तो पुढे आला आणि त्याने माझ्या ओळी म्हटल्या:

टाकी झाली, रंग झाला, फोटो आला न्यारा,
तोटी पिळली तं भाऊ, निंघाला नुसता वारा.
सही बाईची, शिक्का बाईचा, खुर्ची बाईची खरी,
बोलाचा टाइम आला की बाई चुलीपाशी घरी.

गावाने आरोळी अशी ठोकली की दोन बैल बिचकले. जगदेवरावही हसले. खोटं कशाला सांगू, चांगले खळखळून हसले, शेजारच्याच्या पाठीत थाप मारली. आमच्या घरामागची म्हातारी प्रयागबाई माझ्याजवळ उभी होती. ती डोळे पुसत म्हणाली, "काय तोंड हाये वं तुह्या नवऱ्याले." मी म्हटलं, "हो ना." आतून गुदगुल्या होत होत्या. चौदा वर्षांत त्या गुदगुल्यांनी मला खूप काही सोसायला लावलं आहे, गोड वाटायला लावून.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला संगीताबाई उभ्या होत्या. एकट्या त्याच हसल्या नाहीत.

तोरण तुटलं. पण झडती संपली नाही, कारण हरीओम नावाच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने तिचा व्हिडिओ काढला होता. रात्रीतून तो आमच्या वाशिमकडच्या मालेगावला गेला, रिसोडला गेला, आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या साहेबांच्या मोबाइलवर पोचला. साहेब कोकणाकडचे. त्यांनी जगदेवरावांना फोन करून विचारलं म्हणे, "तुमच्या गावात झडती झाली? कोणी घेतली? पोलीस आले होते का?" त्यांना झडतीचा अर्थ समजावता समजावता जगदेवरावांना घाम फुटला, आणि अर्थ समजल्यावर साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, टाकीत पाणी आहे की नाही.

चूक माझी होती, आणि ती मला त्या दिवशी कळली. झडती करताना मी यमक पाहिलं, टोचणी पाहिली. ती कोणाच्या तोंडून बाहेर पडणार आहे हे पाहिलंच नाही. दुसरा कोणी 'नुसता वारा' म्हणाला असता तर ती झडती झाली असती. पाणी सोडणाराच म्हणाला, म्हणून ती साक्ष झाली. चौदा वर्षं मी त्याच्या तोंडाला माझंच तोंड समजत आले होते. माझ्या तोंडाला नोकरी नव्हती, त्याच्या तोंडाला होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक बसली. सतरंजीवर वीस-बावीस माणसं. खुर्च्यांवर जगदेवराव, पोलीस पाटील पुंजाजी आणि ग्रामसेवक. मधल्या खुर्चीवर संगीताबाई होत्या, कारण ठराव करायची वेळ आली तर सहीला त्या लागतात. मला कोणी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना म्हणून मी दाराशी जाऊन उभी राहिले.

जगदेवराव शांतपणे बोलले. "देवानंद, माहा तुह्यावर राग नाही. पोळ्याले म्हनलं, आमी हासलो. पन आता ते मोबाइलवर फिरून राह्यलं. तू आपला मानूस हायेस, अन् आपल्याच मानसानं असं म्हनलं तं लोक काय समजतीन? आता असं कर. तुले झडती येते. इथंच उभ्या उभ्या एक नवी कर. टाकीवर, पन चांगली. हरीओम व्हिडिओ काढते, तोबी फिरू दे. गोष्ट संपली."

ऐकणाऱ्याला वाटेल, ही काय शिक्षा झाली? चार गोड ओळी म्हणायच्या आणि घरी जायचं. पण देवानंदला चार ओळी येत नव्हत्या. कधीच येत नव्हत्या. त्याला माझ्याशिवाय 'टाकी'ला 'बाकी' हेही यमक सुचलं नसतं. हॉलमधल्या एकालाही हे माहीत नव्हतं. मला आणि त्याला माहीत होतं.

हरीओमने मोबाइल उचलून धरला. देवानंद उभा राहिला. त्याने एकदा गळा साफ केला, एकदा छताकडे पाहिलं, आणि गप्प राहिला. पंखा कुरकुरत होता. माझ्या डोक्यात चार ओळी तयारही झाल्या होत्या, टाकीच्या उंचीवर, खोट्या आणि गोड. त्याला कशा पोचवणार? मध्ये वीस माणसं बसलेली.

"म्हन ना गा," पुंजाजी म्हणाले.

दोन मिनिटं झाली असतील. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. "वाकत नाही गड्या." "बापावर गेला." कोणीतरी म्हणालं, "येत असून म्हनत नाही, याले म्हनते मानूस." माझा नवरा घामाने भिजून उभा होता आणि लोकांना त्याच्यात वाघ दिसायला लागला होता. मला हसू यायला हवं होतं. इतकी भीती वाटत होती की हसू आलं नाही.

जगदेवरावांचा चेहरा बदलला. "म्हनजे तू म्हनत नाही."

देवानंदने मान खाली घातली. ती शरमेने घातली होती, पण तीही लोकांना निर्धाराने घातल्यासारखी दिसली असणार.

"ठीक हाये. पाटील, तुमी ठान्यात अर्ज द्या. गावाची शांतता मोडली म्हना. अन् ग्रामसेवक, तुमी ठराव लिवा. असा मानूस ग्रामपंचायतीत नाही पायजे."

ग्रामसेवकाने पेन उघडलं, आणि मी आत गेले. चपला काढायच्या राहिल्या हे मला सतरंजीवर पाय पडल्यावर कळलं.

"ती झडती माही हाये," मी म्हटलं. "चौदा वर्षांच्या साऱ्या माह्या हायेत. यायले एकबी करता येत नाही, म्हनून हे गप हायेत."

कोणी ओरडलं नाही, कोणी रागावलं नाही. हसले. प्रेमाने हसले, हे सगळ्यात वाईट. पुंजाजी म्हणाले, "वहिनी, नवऱ्याले वाचवाले आल्या. चांगलं हाये. पन असं खोटं नका बोलू, देवानंदची इज्जत जाते." सतरंजीवरच्या माणसांनी माना हलवल्या. सती-सावित्री पाहिल्यासारखे पाहत होते माझ्याकडे.

"मी आत्ता करून दाखोते," मी म्हटलं. "सांगा कायच्यावर करू."

जगदेवरावांना गंमत वाटली असावी. त्यांनी वर बोट केलं. "करा या पंख्यावर."

मी पंख्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझे शब्द मी माझ्या तोंडाने, माणसांसमोर म्हणणार होते. आवाज पातळ निघाला, पण निघाला:

पंखा फिरे गरागरा, हवा खाती पंच,
पंख्यालेबी वाटते आता आपलाच हाये मंच.
बाप्या मुका तं शूर ठरे, बाई बोले तं कसूर,
पंख्या, तुले फिरवते कोन? बटन हाये दूर.

चांगली झाली होती. स्वतःची वाहवा करू नये म्हणतात, पण चौदा वर्षांत दुसऱ्या कोणी केली नाही, तर मीच करते. ती माझी सगळ्यात चांगली झडती होती. मी थांबले. 'हर बोला' कोणी म्हटलं नाही.

मग पुंजाजी म्हणाले, "लय चांगली पाठ करून घेतली देवानंदनं."

"पाटील, पंख्याचं तं आत्ता सांगतलं तुमी," मी म्हटलं.

"काहून, तुमच्या घरी पंखा नाही का?"

यावर सगळे पुन्हा हसले, आणि आता मोकळेपणाने हसले. तो प्रश्न खरोखर हुशारीचा होता. आमच्या घरी पंखा आहे.

जगदेवरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "देवानंद, तूच सांग. झडती कोनाची?"

देवानंदने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी सांगत होते, खरं सांगा. माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे, नोकरी तर वाचेल. आणि हेही खरं की नोकरीपेक्षा मला दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं, त्याच्या तोंडून, त्या खणखणीत आवाजात, एकदा.

"माही हाये," तो म्हणाला. "बायकोले कायचं येते."

दात काढायच्या आधी मालेगावच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तसं मला झालं. हात लावला तर हात कळतो, गाल कळत नाही. मी तशीच मागे सरकून दाराशी उभी राहिले. ग्रामसेवकाने लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सदर झडती आपण स्वतः रचल्याचे श्री. देवानंद यांनी सभेसमोर कबूल केले." पुढे कामावरून कमी करण्याचा ठराव. वही संगीताबाईंच्या पुढे सरकवली गेली. त्यांनी पेन हातात घेतलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. शिक्काही त्यांनीच मारला.

म्हणजे आता ते सरकारी वहीत आहे. माझं काही माझं नव्हतं, याला कागदाचा पुरावा झाला.

घरी जाताना देवानंद माझ्या पुढे चालत होता. वळणावर मी विचारलं, "काहून म्हनले तसं?"

"तुहं नाव ठान्याच्या कागदावर गेलं असतं तं? बाईमानूस ठान्यात बसवलं असतं."

"अन् बायकोले कायचं येते, हे?"

"तसं म्हनल्याशिवाय कोनी मानलं नसतं, निता."

दोन्ही उत्तरं बरोबर होती. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिली, कुठे खोट सापडली नाही. त्याने मला वाचवलं होतं. भांडायला जागाच ठेवली नव्हती त्याने, आणि मला भांडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी देवानंदला ठाण्यात बोलावलं. सकाळी गेला, दिवस मावळायला आला तेव्हा परत आला. मारलं-बिरलं काही नाही, बाकड्यावर बसवून ठेवलं. पुन्हा असं म्हणणार नाही असं लिहून घेतलं, आणि झडतीचा अर्थ लिहून आणायला सांगितला. तो कोरे कागद घेऊन माझ्याजवळ बसला. "अर्थ सांग ना," म्हणाला. मी सांगितला. टाकी म्हणजे कोणती टाकी, वारा म्हणजे काय, बाई म्हणजे कोण आणि चुलीपाशी म्हणजे कुठे. तो लिहीत गेला. चार ओळींचा अर्थ दोन पानं झाला, आणि त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. मला तेव्हाही काही वाटलं नाही. भात करपला एवढं कळलं.

सोयाबीन निघायला लागलं तसा देवानंद मळणी यंत्रावर जाऊ लागला. नंतर मालेगावला एका खताच्या दुकानात पोती उचलायला लागला. आठवी-नववीतली पोरं रस्त्यात त्याला हात करायची. गावाच्या नजरेत तो मोठा झाला होता. वॉल खोलायला नवा माणूस आला, तो जगदेवरावांचा भाचा, आणि टाकी होती तशीच कोरडी होती.

कार्तिकात एका दुपारी संगीताबाई आमच्या घरी आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. मी ओसरीत उडीद पाखडत होते. त्या आपल्या हाताने फाटक लावून माझ्यापुढे बसल्या.

"ती तुमचीच होती," त्या म्हणाल्या. "मले पोळ्यालेच समजलं."

मी सूप खाली ठेवलं.

"चुलीपाशी, असं म्हनलं तुमी. उद्घाटनाच्या टायमाले मी चुलीपाशी होती, भजे तयत होती. तुमी बेसन कालवून देऊन राह्यल्या होत्या. तिकडं भाषनं चालू होती. आपल्या दोघींशिवाय तिसरं कोनी नव्हतं तिथं. बाकी साऱ्यायले वाटते सरपंचीनबाईची तब्येत बरी नव्हती. माहीतच नाही कोनाले, तं देवानंदभाऊ कुठून म्हनतीन?"

चौदा वर्षांत हा एकच माणूस. माझे शब्द माझे म्हणून ओळखणारा एकच माणूस माझ्यापुढे बसला होता, आणि त्यानेच सही केली होती.

"मंग सही काहून केली?" मी विचारलं.

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुमची हाये म्हनून सांगाचं, तं कशी समजली तेबी सांगा लागलं असतं. मी चुलीपाशी होती हे माह्या तोंडानं सांगा लागलं असतं. त्या खुर्चीवर बसून." मग म्हणाल्या, "पंख्याची लय चांगली होती. मले पाठ हाये."

त्यांनी म्हणून दाखवली. हळू आवाजात, एकही शब्द न चुकता. ऐकून मला भरून यायला हवं होतं. त्या गेल्यावर मी उडीद पाखडले, कोंडा गाईला घातला, आणि मग लक्षात आलं की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

थंडीत वाशिमला एका मंडळाने देवानंदचा सत्कार केला. शाल, नारळ आणि 'निर्भीड लोककवी' असं कोरलेली काचेची पाटी. त्याला जायचं नव्हतं. मीच म्हटलं जा, नाही गेलात तर लोकांना वाटेल घाबरलात. परत आल्यावर त्याने शाल माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "मी तिथं म्हनलं, माह्या बायकोचा लय पाठिंबा हाये." हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. तो वाईट माणूस नाही. मी पाटी टीव्हीजवळ ठेवली आणि शाल पेटीत घातली, कापूर घालून.

त्या काळात कधीतरी मला कळलं की मला यमक सुचत नाही. आधी पाणी भरताना, भाकरी थापताना शब्दाला शब्द आपोआप चिकटायचा. आता कांदा म्हणजे कांदा आणि विळा म्हणजे विळा. जुळवून पाहिलं, जुळत नव्हतं. मी रडले नाही. दुखत असतं तर रडले असते.

यंदाचा पोळा आठ दिवसांवर आला तसा देवानंद चुलीजवळ येऊन बसला. यावेळी त्याने लगेच विचारलं नाही. बराच वेळ जाळ सारत राहिला. मग म्हणाला, "तोरनाखाली तं जा लागन. लोक वाट पाहून राह्यले. लिहून देल्लं हाये मी ठान्यात, पन साधी चालन. बैलावर, पान्यावर, कायच्यावरबी."

"नाही येत मले," मी म्हटलं.

"राग हाये अजून?"

"राग असता तं आली असती."

तो रोज विचारत राहिला. चौथ्या दिवशी मी खरंच बसले, डोळे मिटून, बैल हा एक शब्द धरून. अर्ध्या तासाने उठून कणीक मळली. त्याला सांगितलं, कोणा दुसऱ्याला विचारा. तो म्हणाला, "दुसऱ्याले कोनाले इच्यारू? माही हाये म्हनून सांगतलं हाये ना."

नऊ जोड्या आल्या होत्या. पण माणसं मागच्या वर्षाच्या दुप्पट, शेजारच्या गावांतलीही, आणि जिकडे तिकडे मोबाइल उंच धरलेले. जगदेवराव पुढच्या रांगेत. ठाण्यातला एक शिपाई झाडाखाली मोटारसायकलवर बसलेला. मी ओट्यावर प्रयागबाईजवळ उभी होते. देवानंद पुढे आला, पांढरा सदरा, डोक्याला शेला. त्याने हात जोडले. तोंड उघडलं.

काही आलं नाही.

मी त्याला ओळखते. तो शब्द शोधत होता, आणि तिथे ते नव्हते, कारण माझ्याकडे नव्हते. त्याची मान ओट्याकडे वळली, मला शोधायला. तोंड तसंच उघडं. लोकांना ओट्यावरच्या बायका दिसल्या नाहीत. ओट्याच्या मागे टाकी उभी आहे, त्यांना ती दिसली. सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "हर बोला," आणि गावाने अशी आरोळी ठोकली की तशी चौदा वर्षांत माझ्या एकाही झडतीला मिळाली नव्हती. शिपायाने मोटारसायकलवरून उतरून वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल त्याने? जगदेवरावांनी खाली पाहिलं. देवानंद मध्ये उभा होता, तोंड उघडंच, आणि दोन पोरांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं.

प्रयागबाईने माझा दंड घट्ट धरला. ती रडत होती. "न बोलता बोलला वं तुहा मानूस," ती म्हणाली. "असं कोनाले सुचते?"

माझ्याकडे शब्द होते तेव्हा ते त्याच्या नावावर गेले. आता शब्द नव्हते, गप्प राहणं तेवढं उरलं होतं, तेही गेलं.

"नाही सुचत कोनाले," मी म्हटलं, आणि पुरण विस्तवावर राहिलं होतं म्हणून घरी निघाले.